दारावरचा कागद

पायाला प्लास्टर घातलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या दारावर एक कागद चिकटवलेला. सात वार, प्रत्येक वारासमोर एक नाव आणि एक काम. सोमवारी दवाखाना, मंगळवारी कपडे, बुधवारी नुसतंच 'गप्पा'. सात नावांतलं एकच माझ्या ओळखीचं, खालच्या मजल्यावरच्या आजींचं. बाकीचे त्यांच्या चर्चमधले.

आधी रागच आला. कुणी विचारलं होतं? माझा मोडका पाय असा जिन्यात टांगायचा? शिवाय वाटलं, आता हळूच पिशवीतून बायबल निघणार. (लिहिताना ओशाळायला होतंय, पण आलं खरं मनात.) कुणी काही काढलं नाही. बुधवारचे काका तर तासभर स्वतःच्या गुडघ्याबद्दलच बोलले.

आता, आपल्याकडे कुणी धावून येत नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. येतात, आणि कागदबिगद न लावता येतात. फक्त मनात एक वही उघडी असते. मी तर फोनमध्येच यादी केली होती, कुणी काय केलं आणि ते कसं फेडायचं याची. मोठ्या अभिमानाने आजींना दाखवली. त्या म्हणाल्या, "फिटलं की आपण परत अनोळखी का?"

उत्तर सुचेना, म्हणून मी वाद घातला. कावळे पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तेव्हा चिंता करू नका, असं तुमचा येशू सांगतो. छान. पण माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, व्हिसा त्यालाच बांधलेला. कावळ्यांना व्हिसा लागत नाही!

मग मात्र बायबल निघालं, तेही माझ्यामुळेच. लूक, अध्याय 12. कावळ्यांच्या आधी तिथे एक श्रीमंत माणूस आहे. पीक उदंड आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. कावळे आणि फुलं झाली की 33व्या वचनात येतं, आहे ते विका आणि दानधर्म करा. मी आजवर फक्त मधलं ऐकलं होतं, फळ्यावरच्या सुविचारासारखं. आजी म्हणाल्या, "तो माणूस सगळं स्वतःशीच बोलतो, बघ. विचारायला दुसरं कुणीच नाही."

नंतर शोधलं, तर हा कागद भलताच जुना निघाला. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी ज्याला जमेल तो देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय होते. 'परके' या शब्दावर मी जरा थांबले. पुढे 362 मध्ये ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट ज्युलियन आपल्या एका पुरोहितापाशी चरफडतो की हे लोक स्वतःचे गरीब तर सांभाळतातच, वर आपलेही सांभाळतात. माझी वही आणि त्याची वही एकाच दुकानातली दिसते.

आई, घाबरू नकोस, माझा देव आहे तोच आहे. मार्चही आहे तिथेच आहे. पण काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं त्या रात्री मी त्यांना कोण नेईल, कोण आणेल एवढंच जुळवत बसले होते. मार्च आठवलाच नाही, हे सकाळी लक्षात आलं.

आता त्यांच्या दारावर कागद लागलाय. गुरुवारसमोर माझं नाव, पेन्सिलने, पुढे प्रश्नचिन्ह. परत न विचारताच! गुरुवारी माझी मीटिंग असते. मी ते खोडून पेनने शनिवारसमोर लिहिलं.