ब्रायन बोरूज मार्च: काय बदलायचं आणि काय हलवायचं नाही

डब्लिनच्या स्मिथफील्ड भागात कॉबलस्टोन नावाचा पब आहे. तिथलं सेशन, म्हणजे वादकांनी एकत्र बसून आयरिश पारंपरिक चाली वाजवण्याची बैठक, ऐकताना आपल्याकडच्या कानाला आधी एक गोष्ट खटकते: सगळे मिळून एकच चाल वाजवत राहतात. आलाप नाही, ताना नाहीत, ज्याला त्याला आपली फेरी नाही. विविधता असते, पण ती एका मात्रेच्या पोटात लपलेली. ती कशी घडते हे समजून घ्यायला ‘ब्रायन बोरूज मार्च’ ही चाल फार सोयीची आहे, कारण ती संथ आहे आणि बहुतेकांना येते.

नावाबद्दल आधीच सांगून टाकू. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा राजा 23 एप्रिल 1014 रोजी क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. ही चाल त्या काळची असल्याचं मोठ्या प्रेमाने सांगतात, पण तिची लेखी नोंद कित्येक शतकांनंतरची आहे. ट्रिनिटी कॉलेजातल्या ‘ब्रायन बोरू हार्प’चंही तसंच: वाद्य चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, राजा अकराव्यातला.

चाल ए मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी सहा. ताल सहा-आठ, म्हणजे दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन भाग. वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे सहा मात्रांचं एक आवर्तन, त्यात दोन ठोके) आणि प्रत्येक भाग दोनदा. भाग कोणी तीन घेतं, कोणी चार. चार भागांची एक फेरी म्हणजे 64 बार, 128 ठोके. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत एका फेरीला साधारण दीड मिनिट लागतं. म्हणून जिग, म्हणजे याच तालातली जलद नाचाची चाल, सहसा तीनदा वाजते, तर हा मार्च दोनदा वाजवून थांबणंच बरं. लय 110च्या पुढे नेली की तो मार्च उरत नाही, जिग होतो. सेशनमध्ये असं सर्रास होतं आणि ते ऐकायला वाईटही नसतं, पण मग चालण्याचा डौल गेला.

सुरुवातीला डी स्वराची टिन व्हिसल, म्हणजे सहा छिद्रांची उभी धरायची छोटी शिट्टी, पुरते. दहा-पंधरा युरोत साधी चांगली मिळते. बासरी वाजवणाऱ्याला बोटं ओळखीची वाटतील, कारण ही जवळपास पांढरी पाचची बासरी: वरची तीन छिद्रं बंद की जी, दोन बंद की ए, एक बंद की बी. फरक येतो सी या स्वराला. बासरीवर तिथे छिद्र अर्धं उघडतात. व्हिसलवर पहिलं छिद्र पूर्ण उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करतात. तो स्वर चढा लागला तर खालचं आणखी एक छिद्र झाकून बघा. थंडीत बाहेरून आणलेली व्हिसल उतरलेली लागते. काही मिनिटं खिशात गरम करा. स्वस्त व्हिसलचं प्लास्टिकचं डोकं गोंदाने चिकटवलेलं असतं. ते गरम पाण्यात थोडा वेळ धरलं की सैल होतं आणि मग वर-खाली सरकवून स्वर जुळवता येतो.

आता बदलाकडे. या चालीखाली मुख्यतः दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) असतात, ए मायनर आणि जी. नियम सोपा आहे: ए मायनरच्या बारमध्ये पहिल्या आणि चौथ्या मात्रेला ए, सी किंवा ई यांपैकी कशावर तरी उतरायचं, जीच्या बारमध्ये जी, बी किंवा डीवर. मधल्या मात्रा तुमच्या. ए वरून सीवर उडी असेल तर मध्ये बी भरा. ए तीनदा आला असेल तर पहिला लांबवून बाकीचे गिळून टाका, किंवा तिथे रोल घ्या.

रोल म्हणजे तीन मात्रांत ए, वरचा कण, ए, खालचा टोला, ए. वरच्या कणासाठी दुसरं बोट क्षणभर उचलायचं, खालच्यासाठी तिसरं बोट छिद्रावर आपटायचं. दोन्ही इतके निसटते हवेत की त्यांचा स्वर ओळखूच येऊ नये. नवशिके इथेच चुकतात. पाचही स्वर सारखे मोजून वाजवले की मुरकीचं भेंडोळं होतं आणि चौथी मात्रा उशिरा पडते. पहिला ए जरा दमाने धरा. सीवर मात्र रोलचा नाद सोडा. वरचं छिद्र उघडं आणि खालची बंद अशा बोटांनी तो नीट बसत नाही. त्याऐवजी बीवरून घसरत सीवर या.

श्वासाचाही बदलाशी संबंध आहे. बारच्या शेवटी श्वास घेतला तर पुढचा ठोका लंगडतो. त्यापेक्षा दुसरी किंवा तिसरी मात्रा सरळ गाळा आणि तिथे श्वास घ्या. ऐकणाऱ्याला तोही बदलच वाटतो. एका फेरीत दोन-तीन जागा बदलल्या तरी भरपूर झालं. शेजारी पाच जण मूळ चाल वाजवत असताना प्रत्येक बार सजवणारा माणूस इथे वाकबगार ठरत नाही, त्रासदायक ठरतो.

एक भांडण जागच्या जागी मिटवलेलं बरं: एफ साधा की शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढा? एफ शार्प घेतला तर सप्तक काफीचं, साधा घेतला तर आसावरीचं. व्हिसलला शार्प आपोआप लागतो, साध्यासाठी छिद्र अर्धं झाकावं लागतं. गिटारवाल्याने तिथे एफची कॉर्ड लावली आणि तुम्ही शार्प धरलात तर खोलीभर कचकच होते. सुरू करण्याआधी एका वाक्यात ठरवून घ्या.

आपलं रूप दुसऱ्याला पाठवायचं तर इथे एबीसी नोटेशन चालतं: साध्या मजकुरात, अक्षरांत लिहिलेली चाल. वरच्या ओळींत क्रमांक, नाव, ताल, एककाची लांबी, आणि सगळ्यांत शेवटी सप्तक. सप्तकाच्या ओळीत ‘ए मायनर’ लिहिलं की सगळे एफ साधे होतात, ‘ए डोरियन’ लिहिलं की शार्प. बहुतेक गोंधळ याच ओळीतला असतो. कण आणि टोले लिहू नका. रोल दाखवायला स्वराआधी नागमोडी खूण पुरे. आयर्लंडमध्ये जन्मून शिकागोचा पोलिसप्रमुख झालेल्या फ्रान्सिस ओनीलच्या 1903च्या संग्रहात 1850 चाली आहेत, तिथेही बऱ्याच चाली बोडक्याच छापल्यात.

सोबत ध्वनिफीत द्या: आधी साधी चाल सावकाश, मग बदललेली, दोन्ही एकाच लयीत. फोन मीटरभर लांब आणि व्हिसलच्या तोंडाच्या बाजूला ठेवा. समोर ठेवला तर वरच्या सप्तकात आवाज फाटतो. चाल कोणाकडून ऐकली हे लिहायची इथे रीत आहे, ती पाळा. आणि सेशनमध्ये रेकॉर्ड करायचं असेल तर वाजवणाऱ्यांना आधी विचारा, चाल संपल्यावर नव्हे.