अंगण धर्माबादेत, रेंज तेलंगणाची

मामांच्या अंगणात बाजेवर टेकलो आणि खिशातला मोबाइल थरथरला. तेलंगणात आपले स्वागत आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. समोर तुळस, भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या, चौकटीवर मराठीत 'सुस्वागतम्'. गाव नांदेड जिल्ह्यातलं, धर्माबाद तालुक्यातलं. नाव मुद्दामच सांगत नाही. मामांनी माझ्या फोनकडे न बघताच विचारलं, "आलं का स्वागत? सगळ्याच पाहुण्यांला येतंय. आमचंच कुणी करंना."

हे मामा माझे नव्हेत, दाजींचे. भाच्याला वसंत पंचमीला तेलंगणातल्या बासरला न्यायचं आणि सरस्वतीपुढे त्याच्या हातून पहिलं अक्षर काढून घ्यायचं, हे ताईनं तो पोटात असतानाच ठरवलं होतं. आमच्या परभणी-नांदेडकडे ही रीतच आहे. मी वीस वर्षं पुण्यात. रजा मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "मराठवाडा? तिकडे काय आहे बघायला?" मी हसलो. राग यायला हवा होता, आला नाही.

पुणे ते नांदेड रात्रभर शेजारचा घोरला, एवढंच सांगण्यासारखं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात मत्था टेकला, लंगरमध्ये पोटभर जेवलो, दिवस संपला. दुसऱ्या दिवशी पॅसेंजर. मुदखेडला फुलांच्या टोपल्या चढल्या आणि डब्याला लग्नघराचा वास आला. मग उमरी. उमरी आली की दाजी दरवेळी तीच गोष्ट सांगतात. निजाम म्हणत होता, मी हिंदुस्थानात येणार नाही, माझं राज्य वेगळं. तेव्हा, जानेवारी १९४८ मध्ये, आपल्या लोकांनी इथली हैदराबाद स्टेट बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं ते आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ ला. "तवापासून आपल्याकडं सगळंच उशिरा येतंय," असं दाजींनी म्हणावं आणि गाडी जागची हलू नये, हेही दरवेळचंच.

मामींनी सुशीला पुढ्यात ठेवला. पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, सुशीला ही बाई नाही, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता आहे. वरून शेंगदाण्याचं कूट. मामी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी तेलुगूत आणि अंडी विकायला आलेल्या पोराशी दख्खनी हिंदीत. मधेच भाषा बदलायची, आणि बदलली हे त्यांच्या गावीही नसायचं.

विषय मामांनी काढला नाही. मीच काढला, आणि तोही गंमत म्हणून. "पेपरात वाचलं होतं, इकडची काही गावं तेलंगणात जायचं म्हणतात म्हणे."

"म्हणे काय? मी सोता म्हणूलालो."

या तालुक्यातल्या काही सरपंचांनी २०१८ साली तशी मागणी केली होती, हे मला माहीत होतं. २०२२ च्या हिवाळ्यात सांगलीकडच्या जत तालुक्यातल्या गावांचा कर्नाटकात जायचा विषय पेटला, तेव्हा इकडचंही नाव पुन्हा बातम्यांत आलं. पुढच्या फेब्रुवारीत तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांनी नांदेडला सभा घेतली, तिला मामा ट्रॅक्टरनं गेले होते. पण पेपरातला 'सीमाभागातील नागरिक' आणि तुमच्या ताटात कूट वाढणारा माणूस यांत फरक असतो. पहिल्यावर आपण मत देतो. दुसऱ्यापुढे घास अडकतो.

मामांनी हिशोब मांडला. लेक पलीकडे दिली आहे, मोटारसायकलवर पंधरा मिनिटं. माती तीच, काळी. कापूस, सोयाबीन तेच. तिच्या सासऱ्याला २०१८ च्या खरिपापासून तिकडच्या सरकारच्या रयतू बंधू योजनेचे पैसे आले, एकरी चार हजार, दर हंगामाला, पुढे पाच. सरकार बदललं, योजनेचं नाव बदललं. "आपल्याला बी हायेत की पैसे," मामा म्हणाले, "केंद्राचे सहा हजार, राज्याचे सहा हजार. पण इथं घरटी, तिथं एकरी. आणि लाइट? तिथं चोवीस तास, फुकट. इथं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातीला."

मी काय करावं? मी भाषण ठोकलं. आता लिहिताना लाज वाटते, पण ठोकलं. संयुक्त महाराष्ट्र, हुतात्मे, १९५६ ला हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे तोडलं ते कशासाठी, मराठी माणूस एका छत्राखाली यावा म्हणूनच ना, आणि मराठवाडा तर बिनशर्त आला.

मामांनी पान जुळवता जुळवता विचारलं, "बिनशर्त म्हंजे लेक दिली पण बोलणी केली न्हाईत, असंच ना?"

दाजी खो खो हसले. मी नागपूर करार काढला. २८ सप्टेंबर १९५३, निधी आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देऊ, असं त्यात लिहिलं होतं. मामा म्हणाले, "मग तर बोलणी झाली होती. हुंडा पोचला का?" मी मागास भागाला वाटा मिळावा म्हणून नेमलेलं वैधानिक विकास मंडळ म्हणालो, १९९४. दाजींनी आठवण करून दिली की त्याची मुदत २०२० च्या एप्रिलमध्येच संपली. जे जे काढावं ते ते माझ्याच अंगावर यायला लागलं.

दाजींचं मत निराळं. तेलंगण नको, मराठवाडाच वेगळा करा. २०१६ च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे विदर्भाबरोबर मराठवाड्याचंही वेगळं राज्य व्हावं असं बोलले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. दाजींना तेव्हापासून अण्यांबद्दल जिव्हाळा आहे. मामांनी हा बेत मात्र एका प्रश्नात निकालात काढला. "राजधानी कुठं?"

दाजी नांदेडचे, तेव्हा उत्तर उघड होतं. पण २००९ ला साधं विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर दोन्ही गावांनी किती डोकी फोडून घेतली ते सगळ्यांना आठवत होतं. संभाजीनगर तर त्या भांडणात पडलंच नव्हतं, ते आपण राजधानी आहोतच असं धरून चालतं. "आणि लातूरवाले!" मामी चुलीपुढून म्हणाल्या, "तेंची मुंबईची रेल्वे नुसती बिदरपस्तोर नेली तर रस्त्यावर आले." खरं आहे, २०१७ ची गोष्ट. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. सख्खे भाऊ वाटणीनंतर गाडीत जागा द्यायला तयार नाहीत.

मग मामांनी तो प्रश्न विचारला. आवाज चढवून नाही, सुपारी कातरत. "पाहुणे, तिकडं पुण्यात तुमाला कधी कोणी मराठवाड्याचा म्हणून हिणवलं न्हाई का हो?"

मी "छे छे" म्हणालो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं.

हॉस्टेलवर माझं नाव निजाम होतं. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी "मी जेवूलालो" म्हणालो आणि पंगत हसली. महिनाभर प्रत्येक जण मला दारात गाठून विचारायचा, "काय निजाम, काय करूलालास?" दिवाळीला घरी येईपर्यंत मी 'जेवतोय' म्हणायला लागलो होतो. आईनं ऐकलं, काही बोलली नाही. माझे आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, रुमालाला दस्ती आणि ठेकेदाराला गुत्तेदार म्हणणारे. ते वारले तेव्हा मी त्यांच्याशीसुद्धा पुणेरी बोलत होतो. आणि तो मी, मामांच्या अंगणात बसून, त्यांनी कुठल्या राज्यात राहावं यावर व्याख्यान देत होतो.

रात्री साडेअकराला थ्री फेज लाइट आली. मामा उठले, डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. शेतातला आखाडा लांब, थंडी कडाक्याची, वाटेत जनावरांची भीती. मी म्हणालो, "येऊ का बरोबर?" ते म्हणाले, "झोपा." मी लगेच ऐकलं. पहाटे कधीतरी ते आले, ओल्या पायांनी, आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी बासरच्या आधी त्यांनी बाभळीचा बंधारा दाखवायला नेलं. मला देखावा बघायचा होता, त्यांना दुखणं दाखवायचं होतं. गोदावरीवर चौदा दरवाजे, साठवण २.७४ टीएमसी. खाली तेलंगणाचं श्रीराम सागर धरण, म्हणून पलीकडचे वर्षानुवर्षं विरोधात. जुलै २०१० मध्ये आंध्रातले तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदारांची फौज घेऊन इथवर आले, तेव्हा त्यांना अटक करून धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं. गावातले लोक ही गोष्ट अशी सांगतात, जशी आमच्याकडे कुणी आपल्या घरी वारकरी उतरले होते ते सांगतं. निकाल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात लागला. दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे.

"कळलं का?" मामा म्हणाले. "नदीला पाणी असतंय तवा दारं उघडी. पाणी गेलं की दारं बंद."

मी समजुतीनं मान हलवली आणि जायकवाडीचं बोललो. नाशिक-नगरवाले वरून पाणी सोडत नाहीत, आमचं परभणीचं तेच रडगाणं आहे, वगैरे. बोलता बोलता लक्षात आलं की श्रीराम सागरच्या खाली बसलेला कुणी निजामाबादचा शेतकरी या क्षणी मामांबद्दल नेमकं हेच म्हणत असेल. हे मी मामांना बोलून दाखवलं नाही. आदल्या रात्रीचं पुरेसं झालं होतं.

बासरबद्दल स्पष्ट लिहितो: वसंत पंचमीला जाऊ नका. मी गेलो, माझी चूक. रांग कुठे सुरू होते ते रांगेतल्यांनाही माहीत नव्हतं. चार तास उभे होतो. पोरं रडत होती, आया पोरांना मारत होत्या, एक आजोबा माझ्या पायावर पाय देऊन शांतपणे विष्णुसहस्रनाम म्हणत होते. फलकांवर तेलुगू आणि रांगेत निम्मी मराठी. नवल नाही. मुधोळ-भैंसा हा सारा पट्टा १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता, आणि बासर याच पट्ट्यातलं. उलट आज आपल्याकडे असलेलं किनवट तेव्हा आदिलाबादेत होतं. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय ते स्वामी रामानंद तीर्थ जन्मले विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला. या रेघा ओढणाऱ्यांनी पट्टी धरली होती की नाही कोण जाणे.

अखेर नंबर लागला. तांदळाचं ताट, नवी पाटी. पुजाऱ्यांनी भाच्याला मांडीवर ओढलं आणि चक्क मराठीत विचारलं, "मराठी का तेलुगू?" ताई म्हणाली, मराठी. त्यांनी त्याचं बोट धरून तांदळात 'श्री' काढला. शेजारच्या गुरुजींच्या मांडीवरचं तेलुगू पोर भोकाड पसरून होतं आणि त्याची आई त्याला समजावत होती, त्यातला एकच शब्द मला कळला: ओनमालु. म्हणजे मुळाक्षरं. आजोबा कुठल्याही कामाची सुरुवात करताना म्हणायचे, "चला, ओनामा करू." किती वर्षांनी तो शब्द कानावर आला, आणि तोही दुसऱ्याच्या भाषेत.

मामांची लेक आणि जावई देवळाबाहेर भेटले, डबा घेऊन. मी जावईबापूंना म्हणालो, तुमचं बरं आहे बुवा, एकरी पैसे येतात. ते ओशाळून हसले. वडिलांची जमीन तीन एकर, तिचे येतात. बाकीची सात एकर ते मक्त्यानं करतात, तिचे पैसे सातबारा ज्याच्या नावावर त्याला जातात, आणि तो हैदराबादला असतो. "सातबारा" हा माझा शब्द. त्यांनी "पासबुक" म्हटलं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते चिंचेच्या झाडाकडे बघत होते. हे त्यांना माहीत असणारच.

परतीला धर्माबाद स्टेशनवर मामा सोडायला आले. इथल्या मिरचीचा बाजार नामी, त्यामुळे पाच किलो तिखटाची पिशवी बळेच माझ्या हातात. गाडी यायला वेळ होता. घसा खाकरून म्हणाले, "पोराचं बीएस्सी झालंय. पुण्यात कुठं चिकटवता येतंय का बघा."

मी म्हणालो, "तेलंगणात का नाही? हैदराबाद जवळ आहे. तेलुगू तर फडाफडा बोलतो."

"बोलतंय," मामा म्हणाले. "वाचाय येत न्हाई तेला. मराठी शाळेत होता न्हवं का."

पोरानं त्याच संध्याकाळी बायोडाटा व्हॉट्सअॅपवर पाठवला. 'पत्ता' च्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा लिहिलंय, राज्य लिहायचं राहिलंय. तिखट आम्ही खातोय, जळजळीत आहे. बायोडाटा अजून मी कुणाला पाठवलेला नाही.