नर-मादी कोरडे असताना नळदुर्ग

"आज पाणीच नाही. चला पुढं, तोफा बघू." नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणी महालाच्या तोंडाशी एका शाळेच्या सरांनी एवढं म्हटलं आणि पोरांची अख्खी रांग खाली न उतरताच माघारी वळली. मला खरं तर त्या सरांचा नाही, सहलीच्या वेळापत्रकाचाच राग आला. आपल्याकडं सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत आणि नर-मादी धबधबे वाहतात पावसाळ्यात, बोरी नदी भरून वाहायला लागली की. मग वर्गात धबधब्याचं आमिष दाखवायचंच कशाला?

सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं जेमतेम तासाभराचं अंतर. बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ मागं पडलं की नळदुर्ग आलंच. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते, त्यामुळं हंगामात गाड्यांसाठी आगारात झुंबड असते. दिवाळीची सुट्टी संपताच अर्ज टाकावा. पालकांची संमतीपत्रं आणि शिक्षण विभागाची परवानगी त्याआधी हातात हवी.

आता मुद्द्याचं. पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. किल्ला आणि नदीपलीकडचं रणमंडळ, म्हणजे त्याचा छोटा जोडकिल्ला, यांच्यामध्ये बोरी अडवून दगडी बंधारा घातला आणि महाल त्या बंधाऱ्याच्या पोटातच बांधून काढला. नदी भरली की पाणी महालाच्या डोक्यावरून दोन वाटांनी जातं, एक नर आणि एक मादी, आणि खिडकीसमोर पडद्यासारखं कोसळतं. आत उभा असलेला माणूस कोरडाच राहतो.

पावसाळ्यात हे बघून पोरं ओरडतात, भिजतात, फोटो काढतात आणि घरी जातात. बांधकाम कसं आहे ते मात्र कोरड्या दिवसांतच कळतं. पाणी कुठून आत येतं, कुठून पडतं, त्या वाटा उघड्या दिसतात. दगडांचे सांधे बोटानं चाचपता येतात. म्हणून आधी बंधाऱ्यावरून चालत जायचं आणि एका बाजूला साठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल पात्र दाखवायचं. "आपण आत्ता कुणाच्या डोक्यावर उभे आहोत?" असं विचारायचं आणि मगच जिना उतरायचा. आधी महाल दाखवला तर ती पोरांना नुसती एक अंधारी खोली वाटते.

जिना अरुंद आणि अंधारा आहे. एका वेळी पंधराच मुलं आत सोडावीत, पुढं एक शिक्षक, मागं एक. उतरणारी तुकडी आणि चढणारी तुकडी मध्येच भेटली की धक्काबुक्की होते. खालची तुकडी पूर्ण वर आल्यावरच पुढची सोडायची. बाकीची मुलं मोकळी ठेवू नयेत, ती बंधाऱ्याच्या कडेला जातात. त्यांना कडेपासून लांब बसवून किल्ला, रणमंडळ आणि नदी यांचा कच्चा नकाशा काढायला लावावा. विजेऱ्या शिक्षकांकडंच असू द्या. पोरांच्या हातात दिल्या की त्या एकमेकांच्या डोळ्यांवर मारतात. आत फारसी शिलालेख आहे. त्यावर खडू किंवा पाणी फिरवून अक्षरं 'उठवायची' खोड काही गाइडांना असते, ती तिथल्या तिथं थांबवावी.

उपळी बुरुजावर जेवणाआधीच चढावं, भरल्या पोटी पायऱ्या जड जातात. वर दोन लांब तोफा आहेत, हत्ती आणि मगर. लांबीचा आकडा सांगून टाकू नका, टेप पोरांच्या हातात द्या. तोफेवर घोडा करून बसणं मात्र बंद. नऊ पाकळ्यांचा नवबुरुज बाहेरून दाखवला तरी पुरे.

डब्यात चपाती किंवा कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणायला सांगावी. भाजीचे डबे गाडीतच सांडतात.

रविवार टाळावा आणि पौष पौर्णिमा तर नक्कीच. त्या वेळी खंडोबाची यात्रा असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

आणि एकाच दिवसात तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट हा घाट घालू नये. तुळजापूरच्या दर्शनाची रांग सकाळ खाते, अक्कलकोटला प्रसादाच्या वेळेत पोचायचं असतं आणि मग किल्ल्याच्या वाट्याला उरतो एक तास, तोही शिट्ट्या मारण्यात जातो. देवदर्शन हवंच असेल तर परतीच्या वाटेवर एकच ठिकाण धरा.