तळहात कुणाला दाखवायचा?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं पायी पलीकडं जायचं तर तळहात पुढे करायचा, ॲपेवाल्याच्या डोळ्यात डोळा घालायचा आणि चालू पडायचं. त्यानं मान किंचित तिरकी केली की 'जा'. हॉर्न दाबूनच धरला की 'थांबा, मी आलोच'. जत्रेतल्या घासाघिशीसारखा सगळा मामला, फक्त बोलणं नाही.

मग गाडी चालकाविना आपोआप चालणारी असेल, आत माणूसच नसेल तर तळहात दाखवायचा कुणाला? या प्रश्नानं मोटार बनवणाऱ्यांनाही छळलंय. फोर्डनं 2017 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चक्क चालकालाच सीटच्या वेषात लपवलं, गाडी रिकामी वाटावी म्हणून! काचेवर पांढऱ्या दिव्यांची पट्टी. दिवे इकडून तिकडे सरकले की गाडी थांबतेय, भराभर लुकलुकले की निघतेय. जग्वार लँड रोव्हरनं 2018 मध्ये चाचणीच्या गाडीला भले मोठे डोळेच बसवले. ते माणसाकडं वळून बघायचे. मर्सिडीजची 2015 ची एफ 015 तर लेझरनं रस्त्यावर झेब्रा पट्टे उमटवणारी. (आमच्याकडं रंगाचे पट्टे उमटायलाही मुहूर्त लागतो, ते असो.)

यातली खरी मेख वेगळीच आहे. गाडीनं 'जा' म्हणायचंच नाही, असं जाणकार सांगतात. ती थांबेल हो, पण तिला वळसा घालून येणारी फटफटी? म्हणून तिनं स्वतःपुरतं बोलावं, 'मी थांबतेय', बस्स. आणि खुणा तरी सगळीकडं सारख्या कुठं आहेत? डिप्पर मारला की इंग्लंडात पुष्कळदा 'तुम्ही आधी जा' असा अर्थ घेतात. जालना रोडवर त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' इतकाच.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिवे न् डोळे राहू दे. चाकाकडं बघावं, थांबायलंय का ते." अभ्यासही बराचसा तिच्याच बाजूचा आहे: माणसं मुख्यतः गाडीचा वेग आणि अंतर बघूनच पाऊल टाकतात.

मला काळजी माणसांची नाही, त्या गाडीची वाटते. ती कुणाला धडकणार नाही, थांबणारच, हे एकदा कळलं की तिला वाट कोण देणार? सणाच्या बाजारात शिरली तर दिवाळीपर्यंत तिथंच. वीतभर पुढं सरकून दटावायला तिला शिकवता येईल म्हणा. पण हे दटावणं खोटं आहे हे शाळेतल्या पोरांना आठवडाभरात कळेल, आणि ती बोनेटवर थाप मारून खुशाल पुढून निघून जातील.