मोपा विमानतळाजवळच्या भाड्याच्या गाड्यांचं यार्ड राखताना : माझा अनुभव

गोव्यातल्या मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला आणि पेडण्याच्या रस्त्यांवर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या वाढल्या. विमानतळाला सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचा पहारा असतो. बाहेर रस्त्यालगतचं यार्ड मात्र ज्याचं त्यानेच राखायचं. साठ गाड्यांच्या अशा एका यार्डाची व्यवस्था आम्ही नव्याने लावली.

पहिला विचार होता चिऱ्याची भिंत उंच करायचा. पण भिंत चढून माणूस आत येतो, गाडी मात्र फाटकातूनच बाहेर पडते, तीही बहुतेकदा स्वतःच्याच चावीने. म्हणून पैसे आधी चाव्यांवर घातले. भिंतीला टेकलेल्या काजूच्या फांद्या छाटल्या, फाटकाखालची फट बुजवली आणि तिथेच थांबलो.

सगळ्यात कच्ची जागा म्हणजे धुऊन तयार गाड्यांची रांग. गिऱ्हाईक यायच्या आधी आत गार व्हावं म्हणून एसी चालू, इंजिन चालू, चावी आत. हे पूर्ण बंद केलं: गाडी हलवणाऱ्याने चावी कमरेच्या कडीलाच ठेवायची. शोरूममधून मिळालेल्या दोन्ही चाव्या एकाच कडीत ओवायची सवयही मोडली, कारण एक हरवली की दोन्ही जातात. दुसरी चावी आता वेगळ्या खोलीतल्या तिजोरीत असते. चावीच्या बिल्ल्यावर गाडीचा नंबर नाही, फक्त आमचा खुणेचा आकडा. पडलेली चावी घेऊन कुणाला रांगेत गाडी शोधता येऊ नये.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. चावीचा सिग्नल वाढवून गाडीपर्यंत पोचवणारी उपकरणं असतात, त्यामुळे कार्यालयाच्या भिंतीला लागून उभी गाडी चावी आत टांगलेली असतानाही उघडू शकते. या चाव्या आम्ही सिग्नल अडवणाऱ्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. डबा घेताना त्यात चावी घालून गाडीच्या दाराशी धरायचा आणि हँडल ओढून बघायचं. दार उघडलं तर झाकण नीट बसत नाही, तो डबा बाद.

रात्री उशिरा गाडी परत करणारे चावी पेटीत टाकतात. साध्या पेटीच्या फटीतून तारेचा आकडा घालून चावी वर ओढता येते. म्हणून आत समोरासमोरच्या बाजूंनी दोन तिरके पत्रे लावले, साधारण ४५ अंशांत, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाली जाईल असे. चावी घसरत खाली जाते, तार दुसऱ्या वळणावर अडकते. पेटी बसवल्यावर जाड तारेने दहा मिनिटं स्वतः प्रयत्न करायचा. चावी निघाली तर पत्र्यांमधलं अंतर कमी करायचं.

बूम बॅरिअरचा दांडा हलका असतो, गाडीने ढकलला की वाकतो किंवा तुटतो. तो थांबायची खूण आहे, अडसर नाही. बाहेर जायची वाट एकच ठेवली, दांड्याच्या अलीकडे ठळक गतिरोधक केला आणि रात्री लोखंडी सरकतं फाटक बंद. एकाच दिशेने दबणारे आणि उलट दिशेने गेलं तर टायर फाडणारे काटेही बसवले. पावसाळ्यात तांबडी माती खाचेत भरून काटे खाली दबलेलेच राहतात, बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. खाली निचऱ्याचा पाइप हवाच, आणि आठवड्यातून एकदा पाण्याचा जोरदार फवारा व ग्रीस.

कॅमेऱ्यांत लोक मेगापिक्सेल विचारतात. विचारायचं ते एका मीटरला किती पिक्सेल मिळतात हे. चेहरा ओळखायला साधारण २५० लागतात. २६८८ पिक्सेल रुंदीचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे पावणेअकरा मीटरपेक्षा जास्त रुंद दृश्य घेऊ नये. नंबरपाटीला वेगळा कॅमेरा, शटर १/१००० सेकंद. नाहीतर रात्री हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरीफटक होते. काळ्या पाट्या सॉफ्टवेअर नीट वाचतं का, हे विकत घेण्याआधी रात्री तपासावं. कॅमेऱ्यातल्याच इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि जाळ्यामुळे चित्र धुरकट होतं. दिवा कॅमेऱ्यापासून थोडा लांब लावला की त्रास कमी होतो. ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) या वेगाने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी घेतो. आठ कॅमेऱ्यांच्या तीस दिवसांना साडेदहा टीबीच्या आसपास.

विजांनी मात्र खरी परीक्षा घेतली. जांभ्या दगडात अर्थिंग चांगलं मिळत नाही, आणि जमीन कोरडी पडली की आणखी बिघडतं. म्हणून अर्थिंगचा रोध पावसात मोजून समाधान मानू नये, एप्रिल-मेमध्ये मोजावा. फाटक ते कार्यालय तांब्याच्या केबलऐवजी फायबर टाकली: तांब्याच्या नेटवर्क केबलची १०० मीटरची मर्यादा गेली, आणि फाटकावरचा विजेचा धक्का त्या वाटेने रेकॉर्डरपर्यंत पोचत नाही. वीजपुरवठ्यावर अचानक वाढलेला दाब अडवणारे सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना.

शिफ्ट बदलताना दोघे मिळून चाव्या मोजतात, मग रांगेत चालत जाऊन गाड्या. उभ्या गाड्या आणि बाहेर गेलेल्यांचे पास यांची बेरीज साठ भरेपर्यंत आधीच्या माणसाने वहीवर सही करायची नाही.