मावशीचा रविवारचा प्रश्न

"तुमचं ते जंतूंपासूनचं कॅन्सरचं औषध कधी यायचं गं बाजारात?" मावशी दर रविवारी विचारते. सांगलीत तेव्हा दिवेलागण झालेली असते आणि इथे शिकागोत मी पेशींचं खाणं बदलायला लॅबकडे निघालेली असते. पेशींना ना रविवार कळतो ना दिवाळी. विरजणासारखं त्यांचंही वेळेवर बघावं लागतं, नाहीतर सगळं नासतं.

पिंक लाइनच्या पोक स्टेशनला उतरलं की इस्पितळांची वस्तीच सुरू होते. टीवायला 'तेल खाणारा जिवाणू' बनवणारे शास्त्रज्ञ म्हणून आनंद मोहन चक्रवर्तींचं नाव पाठ केलं होतं, त्या जिवाणूवरच्या १९८० च्या पेटंट खटल्यासकट. तेच चक्रवर्ती पुढे इथल्या इलिनॉय विद्यापीठात कॅन्सरकडे वळले, हे मला इथे आल्यावर कळलं. त्यांनी हाती घेतला स्यूडोमोनास एरुजिनोसा, म्हणजे भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळवणारा बदनाम जंतू. त्याच्याकडे अझुरिन नावाचं १२८ अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. त्यातला ५० ते ७७ एवढाच तुकडा म्हणजे पी-२८ हे पेप्टाइड. पेशीतल्या पी-५३ या रखवालदाराला ते चिकटतं, मग त्याला मोडीत काढणाऱ्या प्रथिनाला तिथे हात घालता येत नाही. रखवालदार टिकला की बिघडलेल्या पेशीची वाढ थांबते.

आमची पेप्टाइडं वेगळी, पण जिवाणूंकडूनच उसनी घेतलेली. त्यात नवल नाही म्हणा. हॉजकिन्स लिम्फोमा या कॅन्सरवर वर्षानुवर्षं दिलं जाणारं ब्लिओमायसिन हे औषधही स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूकडूनच आलेलं.

चाचणी दिसायला साधी. बारीक अप्पेपात्रासारखी ९६ खळग्यांची प्लेट. त्यात पेशी, त्यावर पेप्टाइड, दोन-तीन दिवसांनी पिवळा रंग. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या तसाच पिवळा ठेवतात. पहिल्यांदा माझी अख्खी प्लेट पिवळी राहिली तेव्हा मी आनंदाने घरी फोन लावणार होते. आमच्या बाईंनी शांतपणे निरोगी पेशींची प्लेट मागितली. तीही पिवळीच! "मारायला काय, ब्लीचही मारतं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक वेळी शेजारी निरोगी पेशी, आणि तीच अमिनो आम्लं पण क्रम विस्कटलेलं एक खोटं पेप्टाइड. खोट्यानेही पेशी मेल्या तर आपल्या खऱ्याला काही अर्थ नाही.

पी-२८ माणसांपर्यंत पोचलं. २०१३ साली १५ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले, २०१६ साली मेंदूत गाठ असलेल्या १८ मुलांवरच्या. दोन्हीकडे मुख्य प्रश्न एवढाच होता, की शरीराला ते सोसतं का. सोसलं. मोठ्यांपैकी काहींच्या गाठी आकसल्याही. तरी औषधाच्या दुकानात ते अजून नाही.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. तिची स्वतःची केमो होऊन चार वर्षं झालीत, त्यामुळे निरोगी पेशींचा मुद्दा तिला माझ्याआधी कळला. "म्हणजे केस न घालवणारं हवंय तुम्हाला," म्हणाली. प्लेटवर केस नसतात, पण हो, तेच.

या आठवड्यात एका ओळीत कॅन्सरच्या पेशी फिकट पडल्या आणि निरोगी गडद जांभळ्या राहिल्या. सलग दोनदा. बुधवारी तिसऱ्यांदा लावणार आहे. मावशीला अजून काही बोलले नाही.