चूक आधी कोणाच्या कानावर जाते?

सौम्य पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हटलं की हळू बोलणारा, कोणाला न दुखावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते आवाजाचा यात फारसा संबंध नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणाचं चुकलं तर ती गोष्ट कोणत्या क्रमाने, किती जणांपर्यंत जाते, तिथे पुढाऱ्याची सौम्यता कळते.

बायबलात मत्तय 18:15-17 मध्ये हा क्रम सरळ दिलाय. आधी दोघांतच बोला. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर न्या. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. प्रत्यक्षात पहिली पायरीच गाळली जाते. रविवारच्या उपदेशात नाव न घेता टोमणा मारला जातो आणि रोख कोणावर आहे ते मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळतं. प्रार्थनासभेत ‘अमुक भावासाठी प्रार्थना करा’ म्हणणं तर याहून वाईट, कारण त्या भावाला तोवर कोणी भेटलेलंच नसतं. मग तो अपमानाचंच बोलत बसतो आणि मूळ विषय बाजूला राहतो.

पहिल्या भेटीला कमिटीचा सेक्रेटरी नको. तो आला की चौकशी सुरू झाली असं वाटतं. समोर मंडळीतली बहीण असेल तर तिच्या विश्वासातली एखादी स्त्री बरोबर असावी. शास्त्र उघडण्याआधी ‘नेमकं काय झालं?’ विचारून पूर्ण ऐकून घ्यावं. विषय एकच ठेवावा, जुनी प्रकरणं उकरू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे कधीच करू नये. इफिस शहरात अपुल्लोस या उपदेशकाचं शिक्षण अपुरं आहे हे प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या विश्वासू जोडप्याने भर सभास्थानात ऐकलं. पण त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये 18:26). लगेच पुढच्या वचनात बंधुजन त्याला पत्र देऊन अखया प्रांतात पाठवतात. खाजगीत सुधारलेल्या माणसाची सेवा अशी चालू राहू शकते.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमातही हाच क्रम आहे: दोनदा खाजगीत ताकीद, मग सर्वांसमोर, मग बहिष्कार. (त्यात फटक्यांचीही तरतूद आहे, हे लपवायला नको.) मला महत्त्वाचा वाटतो तो 27वा अध्याय. बहिष्कृत भावाला धीर द्यायला मठाधिपतीने वडीलधारे, सुज्ञ बंधू गुपचूप पाठवावेत, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्याकडे प्रभुभोजनातून (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतून) कोणाला दूर ठेवलं की त्याच्या घरी जाणंही बंद होतं. शिस्त बिघडते ती इथेच. ज्या दिवशी निर्णय कळवाल, त्याच दिवशी त्याला भेटायला कोण जाणार हेही ठरवा.

हा क्रम सगळीकडे लागू होत नाही. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्राचं चुकीचं वागणं उघड होतं, म्हणून प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही, पण पाप करत राहणाऱ्या वडिलांना सर्वांसमोर दोष द्यायचा, असं 1 तीमथ्य 5:19-20 सांगतं. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तर ‘आधी दोघांत मिटवू’ ही भाषाच नको. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, पाळकालाही. अशा वेळी मुलाला आरोपीसमोर बसवून क्षमा करायला लावणारा पाळक कितीही गोड बोलत असला, तरी त्याला सौम्य म्हणता येणार नाही.